घळीपलीकडचा कुत्रा

आधीच स्पष्ट करते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. आई शाळेत विज्ञान शिकवायची. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की इतर आया मुलांना घरात ओढून न्यायच्या. आमची आई आम्हाला मुद्दाम बाहेर न्यायची आणि म्हणायची, "नीट पहा... आपल्याकडे कोण कोण पाहतंय, ते ती पापणीआडून पाहून राहिली." अशा घरात वाढल्यावर भुताखेतांचे अनुभव वाचताना माणूस खोट काढत वाचतो. मीही तेच करत आले. त्यामुळे आता माझं वाचून तुम्ही खोट काढलीत, तर माझी काही तक्रार नाही.

मी आता परदेशात, टौरंगा नावाच्या शहरात राहते. इंजिनीअरिंग जिओलॉजिस्ट आहे, म्हणजे जमीन घरं पेलेल की नाही ते तपासणं हे माझं काम. शहर झपाट्याने वाढतंय, किवीफ्रूटच्या बागा जाऊन तिथे घरं येतायत. पण कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, एखादी जमीन घरांसाठी खुली करायची म्हटली की त्याआधी बरेच अभ्यास होतात — पुराचा, रहदारीचा, जमिनीच्या स्थैर्याचा. हा शेवटचा आमच्या कंपनीकडे होता. नकाशावर एक रेषा आखून द्यायची असते. रेषेच्या अलीकडे घरं बांधा, पलीकडे नको.

जागा शहराबाहेरच्या एका टेकाडावर. वर सपाट बाग, मधोमध एक खोल घळ, तळाशी उडी मारून ओलांडता येईल एवढा ओहोळ. इथली माती जुन्या ज्वालामुखीच्या राखेची. हाताला घट्ट लागते, पण पाणी मुरलं आणि धक्का बसला की रवीने घुसळलेल्या दह्यासारखी सैल होते. म्हणूनच काळजी.

बाग जोनची. सत्तरी ओलांडलेली, नवरा वारलेला, एकटी. जमीन घरांसाठी खुली झाली की ती विकून मुलीजवळ न्यू लिनला जायचं, असं तिने ठरवलं होतं. आम्ही गेलो की विचारायची, "चांगली बातमी आहे ना?" आणि मी म्हणायची, "अजून माती काढतोय, जोन."

त्या दिवशी मी आणि ग्रँट होतो. ग्रँट आमचा फील्ड टेक्निशियन, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. आठवडाभर पाऊस पडून नुकतं ऊन आलं होतं. सकाळचा चहा झाला होता. घळीच्या पश्चिम काठापासून नियमाप्रमाणे बरंच आत उभे राहून आम्ही ऑगरने — हाताने फिरवायच्या गिरमिटाने — भोक पाडून माती काढत होतो. काठावर भेग नाही ना, हे आधी तपासलं होतं. काहीही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली.

"अहो, जरा मदत करता का? कुत्रा तारेत अडकलाय!"

साठीचा एक माणूस. करडा लोकरी स्वेटर, अर्धी चड्डी, गमबूट. इथे शेताकडे निघालात तर असे दहा भेटतील. त्याच्या पायाशी झुडपात काहीतरी धडपडत होतं आणि केकाटणं स्पष्ट ऐकू येत होतं. ग्रँट म्हणाला, "चल." पिशवीतून पक्कड घेतली. घळीत उतरलो, ओहोळ ओलांडला आणि पलीकडे चढून गेलो.

ब्लॅकबेरीच्या काट्यांत जुनं कुंपण गाडलं गेलं होतं. त्याची तार कुत्रीच्या मागच्या पायाला गुंडाळलेली. तपकिरी-पांढरी, मध्यम अंगाची. माणसाने तिचं डोकं धरलं होतं आणि हळू आवाजात "ईझी गर्ल, ईझी" चाललं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. केस ओले होते आणि खालून काळीज धडधडत होतं... ते मला आत्ता लिहितानाही तळहाताला जाणवतंय. एकदा तिने झटका दिला आणि माझ्या मनगटावर ओरखडा उठला. ग्रँटने तार तोडली. तिने अंग झाडलं, माझ्या चष्म्यावर चिखल उडाला.

"गुड ऑन यू," माणूस म्हणाला.

आणि मागे आवाज झाला. डंपरमधून खडी ओतावी तसा — पण थांबेचना.

वळून पाहिलं. समोरचा अख्खा काठ खाली येत होता. आम्ही उभे होतो ती जागा, ऑगर, मातीचे नमुने, माझा डबा, सगळं. ओहोळ दिसेनासा झाला. धुरळा नाही, कारण माती ओली. फक्त मोडलेल्या मुळांचा वास.

ग्रँट मागे वळून म्हणाला, "मित्रा, तू आम्हाला..." मागे कोणी नव्हतं. माणूस नाही, कुत्री नाही. त्या बाजूला उघडं कुरण आहे, लपायला झाड नाही. पळत गेला असता तरी दिसला असता.

आमच्या मनात भूतबीत काही आलं नाही हं. आम्हाला वाटलं, तो घाबरून घळीत उतरला आणि मातीखाली गेला. ग्रँटने लगेच १११ हा इथला आणीबाणीचा नंबर लावला. फायरवाले आले, शोधपथक आलं. आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे वर्णन दिलं, ते जुळलं. दुपार उलटली तरी शोध चालूच होता. जोन थर्मासमधून सगळ्यांना चहा देत फिरत होती.

मग मला कॅमेरा आठवला. पावसानंतर उतार हलतोय का हे कळावं म्हणून घळीच्या वरच्या टोकाला खांबावर आम्ही एक कॅमेरा बसवला होता. तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप फोटो काढतो, दोन्ही काठ दिसतात. तो माणूस कुठल्या बाजूला गेला ते कळेल, एवढाच हेतू. आमच्या यूटच्या — पिकअप गाडीच्या — बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि मी, ग्रँट आणि पथकाची प्रमुख बाई असे तिघं वाकून बघत होतो.

एका फोटोत आम्ही घळीत उतरतोय. पुढच्यात पूर्वेच्या काठावर आहोत. ग्रँट गुडघ्यावर बसून तार तोडतोय. मी वाकलेली, हात पुढे केलेला. हाताखाली गवत. आमच्यासमोर कोणी नाही. त्यानंतरच्या फोटोत समोरचा काठ गेलेला.

माझा हात हवेत होता... कुरवाळत होता.

मग ती बाई सौम्यपणे म्हणाली, "एवढा शॉक बसला की मेंदू असं काही रचू शकतो."

"मान्य," ग्रँट म्हणाला. "पण हा फोटो शॉकच्या आधीचा आहे."

शोध थांबवला. आसपासच्या शेतांत चौकशी झाली. कोणी बेपत्ता नव्हतं, तशी कुत्रीही कोणाकडे नव्हती. मी मिलिंदला — माझ्या नवऱ्याला — सगळं सांगितलं. तो आयटीतला, त्याने कॅमेऱ्याच्या घड्याळापासून लेन्सपर्यंत सगळ्या शंका काढल्या. एकही टिकली नाही. मनगटावरच्या ओरखड्याबद्दल म्हणाला, "तार लागली असेल." असेलही. तुटलेली तार अजून तिथे आहे, पण ती ग्रँटनेच तोडली. त्यातून सिद्ध काय होणार?

कोणाच्याही मनात येईल तेच माझ्याही आलं. काही दिवसांनी जोनकडे गेले आणि जरा चाचरत विचारलं, "तुझा नवरा... करडा स्वेटर घालायचा?"

जोन खो-खो हसली. "माझा नवरा? बुटका, जाडा, आणि कुत्रा दिसला की रस्ता बदलणारा! नाही गं, तो नव्हे." मग म्हणाली, "पण जो कोण होता, त्याने चहाला तरी यायचं."

अहवालात आम्ही एवढंच लिहिलं की घटनेच्या वेळी कर्मचारी पूर्वेच्या काठावर होते. का होते, ते बॉसने तोंडी विचारलं, मी तोंडीच सांगितलं. त्याने चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, "रेषेबद्दल बोलूया." ती रेषा आम्ही बरीच मागे नेली. जोनची जवळजवळ निम्मी बाग घरांच्या योजनेतून बाहेर गेली. हे तिला सांगायला मी स्वतः गेले. ती खिडकीतून त्या उघड्या पडलेल्या लाल मातीकडे बघत राहिली. "तिथे पाळणाघर दाखवलं होतं ना पहिल्या आराखड्यात?" म्हणाली. मी होकारार्थी मान हलवली. नंतर तिने तो विषय काढला नाही. उरलेली जमीन विकून ती मुलीकडे गेली, ठरवल्यापेक्षा लहान घरात.

मागच्या उन्हाळ्यात आई नागपूरहून आली. तिला फोनवर सगळं सांगितलेलं होतं. एका सकाळी म्हणाली, "मला ती जागा दाखव." माझी मुलगी रेवा गाडीतच बसली — "इट्स जस्ट अ हिल, आजी." आई जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गवतातून काठापर्यंत आली. घसरलेल्या मातीवर आता हिरवळ उगवलीये. मला वाटलं, आता ही डोळ्यांचे भ्रम, प्रकाश, असं काहीतरी शिकवेल. तिने बराच वेळ दोन्ही काठ पाहिले.

"कुत्री सुटली नं पण?"

"हो आई."

"मग झालं." आणि ती गाडीकडे चालायला लागली.

काय झालं, ते मला अजूनही सांगता येत नाही. ग्रँटलाही नाही. आम्ही आजही एकत्र कामाला जातो. कुठल्याही काठावर उभे असलो आणि लांबून कोणी हाक मारली, की दोघंही हातातलं टाकून आधी जातो... आणि मग विचारतो, काय हवंय म्हणून.