पंचेचाळीसच्या पुढचा धडा

आमच्या नॉर्डबी गावात अमेरिका एकोणीसशे पंचेचाळीस साली संपते. हसू नका, खरं सांगतोय. हायस्कुलात जो जो अर्डिस टॉलेफसन बाईंच्या हाताखालून गेला, त्याला विचारा. यादवी युद्धातली एकेक टेकडी तोंडपाठ, पण दुसरं महायुद्ध संपेपर्यंत शाळेचं वर्षच संपायचं. बाई पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "पुढचं तुमचे आईबाप सांगतील." आईबाप काय सांगणार, कपाळ! तेही बाईंचेच विद्यार्थी.

दोष सगळे बर्फाला द्यायचे. मिनेसोटातला हिवाळा म्हणजे आठवड्याआड शाळा बंद, मग इतिहास पुरा होणार कसा? पण बाई मुद्दाम रेंगाळायच्या, हे आम्हाला कुठे माहीत होतं! वादळाची बातमी आली की त्यांचा चेहरा खुलायचा.

त्याला कारण लॉवेल, त्यांचा थोरला भाऊ. गोठ्यातून दूध काढून परतताना तो दोन सुरांची शीळ घालायचा, आणि धाकट्या अर्डिसनं धावत जाऊन मागचं दार उघडायचं, असा त्यांचा रिवाज. एकोणिसाव्या वर्षी तो व्हिएतनामला गेला. अडुसष्ट साली त्याची शवपेटी आली ती बंद, वर सूचना, उघडू नये. आई पुरायला गेलीच नाही. "तोंड बघितल्याशिवाय मी कुणाला मातीत घालणार नाही," म्हणाली, आणि मरेपर्यंत तिनं मागच्या दाराला कडी लावली नाही. आई गेल्यावर ते दार अर्डिसच्या वाट्याला आलं. लग्नबिग्न काही केलं नाही त्यांनी.

बाई नोकरीला लागल्या त्या पहिल्याच वर्षी पर्ल हार्बरचा धडा चालू असताना पलीकडच्या शेतातून शीळ आली. तेच दोन सूर. धडा त्रेचाळीस सालाला पोचला तेव्हा ती मैदानावरून आली, चव्वेचाळीसला जिन्यावरून. फळ्यावर पंचेचाळीस लिहिलं तेव्हा ती वर्गाबाहेर, अगदी दाराशी होती, आणि ओल्या बुटांची चपचप ऐकू येत होती. बाईंनी घाबरून पुस्तक मिटलं. शीळ थांबली. सप्टेंबरात नवी मुलं आली, कोलंबसापासून पुन्हा सुरुवात झाली, आणि वसंतात पुन्हा तो शेतातून चालत यायला लागला.

बाईंनी मनाशी हिशेब केला. धडा अडुसष्टपर्यंत गेला नाही, तोवर लॉवेल चालतो आहे. आणि ज्या दिवशी तो आकडा फळ्यावर येईल, त्या दिवशी तो मरेल. मग काय, सगळी नोकरी त्यांनी तेवढ्यासाठी खर्ची घातली.

यंदाचं वर्ष त्यांचं शेवटचं. आणि मेला हिवाळाही असा, की बर्फाची एक सुट्टी मिळाली नाही! एप्रिल उजाडायच्या आत महायुद्ध संपलं. मुख्याध्यापक वेन लुंड मधल्या सुट्टीत कॉफी ओतता ओतता म्हणाला, "अर्डिस, जाता जाता एकदा तरी पोरांना एकोणसत्तरला, चंद्रावर पोचव की!"

"चंद्रावर जायला मधली वर्षं ओलांडावी लागतात, वेन," बाई म्हणाल्या. त्यांची कॉफी तशीच राहिली.

मग त्यांनी उजळणी काढली. पुन्हा उजळणी. शेवटी दाराजवळच्या बाकावरची ब्रिटा नाईहूस, जिभेला हाड नसलेली पोरगी, म्हणालीच, "बाई, जपाननं तीनदा शरणागती पत्करली. आता पुरे की!"

वर्ग खिदळला. हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "आणि बाहेरच्याला अजून किती ताटकळत ठेवणार?"

बाईंच्या हातातला खडू पडला. "कुणाला?"

"शीळ घालतो त्याला. माझी आईपण याच बाकावर बसायची. तिलाही ऐकू यायची. त्याचे पाय ओले असतात, बाई."

आता कुणीच हसत नव्हतं. सगळ्या माना खाली.  इतकी वर्षं बाईंना वाटत होतं, हे आपल्या एकटीच्या कानांचं दुखणं आहे. पोरं मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकत होती आणि बाईंची लाज राखून गप्प बसत होती!

बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं. कोरियाचं युद्ध झालं, पन्नासचं दशक झालं. आणि एका लख्ख सकाळी, खिडक्यांतून ऊन आत आलेलं असताना, त्यांनी फळ्यावर लिहिलं, १९६८.

दार उघडलं. आलं कुणीच नाही. फक्त ओल्या बुटांचे ठसे फरशीवर एकेक उमटत गेले, मागच्या रिकाम्या बाकापर्यंत. बाक करकरलं. वर्गात ताज्या दुधाचा वास पसरला. 

बाई त्या बाकाकडे तोंड करून शिकवत राहिल्या. युद्ध कशासाठी होतं, पोरांना कसं बोलावून घेतलं, पेट्या कशा परत आल्या, सगळं.  "आमच्याकडे एक पेटी आली होती," त्या म्हणाल्या. "आईनं मानलं नाही, मीही मानलं नाही. पण तीत माझा भाऊच होता. लॉवेल. तो मेला."

घंटा झाली. त्या बाकाला वळसा घालून मुलं एकेक बाहेर पडली. ब्रिटा तेवढी दारात घुटमळली. तिचे डोळे भरले होते.

"बाई, 'तो मेला' म्हणून तुम्ही फळ्याकडे वळलात ना, तेव्हा तो रडत होता," ती म्हणाली. "त्याला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं."

बाई कितीतरी वेळ त्या बाकाशेजारी बसून होत्या. फरशी वाळली. शीळ आली नाही. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी मागच्या दाराची कडी लावायला घेतली. ती गंजून घट्ट बसली होती, तेल घालावं लागलं. कडी लागल्यावर त्या दाराला पाठ टेकून खाली बसल्या आणि भावासाठी पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या.