अचूक घड्याळ

हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ आमच्या जिल्ह्यात खपेल का, हे पाहायला कंपनीनं मला तेरला धाडलं होतं. बसथांब्याजवळच्या म्हाताऱ्या घड्याळजींना मी छापील प्रश्न विचारत होतो. डोळ्यावरचं भिंग न काढताच ते उत्तरं देत होते.

"चाचा, असलं घड्याळ इथं कुणी वापरलंय?"

त्यांनी भिंग उतरवलं. खणात चार्जिंगला लावलेलं तसलंच एक घड्याळ काढून सदऱ्याच्या टोकानं पुसलं.

"माझ्या पोराचं हाय. ठोके बिघडले म्हणून यानं येळेवर सांगितलं. गाडी मिळून धाराशिवचा दवाखाना गाठेस्तोवर पोरगं गेलं."

घड्याळ त्यांनी पुन्हा चार्जिंगला लावलं. "अजून काय लिवायचंय तुम्हाला?"

शेवटचा प्रश्न उरला होता : घड्याळ अचूक आहे का?

मी न विचारताच 'होय'वर खूण केली.