इस्तू न चालणारा देव

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शहापूरच्या एका संस्थेत सौर दिव्यांचं काम मिळालं, तेव्हा आईने शेजारणींना सांगितलं, "पोरगा सूर्याच्या खात्यात लागला."

शेणवे गावाच्या वर डोंगरात एक पाडा होता. वीज तिथवर पोचली नव्हती. आम्ही एक खोली बांधली, छपरावर पॅनल बसवले आणि आत बॅटऱ्यांची रांग मांडली. किल्ली पाड्यातल्या एका काकींकडे होती. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

"मागल्या खेपेला चिमणीच्या उजेडात सुईणीला धड दिसत नवता," काकी म्हणाल्या. "औंदा दिवा पायजेच."

पण तपासणी करणाऱ्या साहेबांनी खोली पास केल्याशिवाय दिवे लागणार नव्हते.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी मी दार उघडलं. बॅटऱ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा आणि पुढ्यात तेवता दिवा! मी श्वास रोखून दिवा उचलला आणि थेट अंगणात नेऊन ठेवला.

"आरे, देवापुढला दिवा उचलतोस?" काकी कडाडल्या.

मी समजावलं. बॅटरी चार्ज होताना वायू निघतो, खोलीत कोंडला तर ठिणगीने भडकतो, छप्परसुद्धा उडेल. बरंच बोललो. प्रशिक्षणात शिकलेलं सगळं सांगून टाकलं.

काकींनी ऐकून घेतलं. "वाघोबाला कोंबडा लागतो, कुना देवाला शेंदूर चालत नाय. तसा याला इस्तू चालत नाय, दिवा नाय की काडी नाय. येवढाच ना? मग सरळ सांग ना रे!"

मी हो म्हणालो आणि ओलसर फडक्याने हळदकुंकू पुसायला बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब जाड रबरी बूट घालून आले. काकी उंबरठ्यात उभ्या.

"बूट भायेर."

"बाई, बॅटरीच्या खोलीत रबरी तळव्याचे बूट लागतात. नियम आहे."

"आमचा पन नियम हाय. देवाच्या खोलीत पायतान नाय."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. समोरच्या ओट्यावरून सूनही पाहत होती, कमरेवर हात ठेवून. मला कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली रबरी मॅट आठवली.

"साहेब, मॅटवर उभं राहिलं तर चालेल ना?"

"चालेल."

"काकी, साहेबांना आसन देऊ?"

"दे की! पाव्हना हाय."

मी दारापासून मॅट अंथरली. साहेबांनी बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता. अंगणात जमलेल्या पाड्याने माना फिरवल्या.

साहेबांनी बॅटरीतलं पाणी पाहिलं, तारा तपासल्या, वाऱ्याच्या झडपा उघडून पाहिल्या, वाळूच्या बादलीत हात घातला. "उत्तम," ते म्हणाले आणि समाधानाने, सवयीने, ओठात सिगारेट धरून त्यांनी काड्यापेटी काढली.

मी तोंड उघडेपर्यंत काकींनी ती हिसकावली होती.

"याला इस्तू चालत नाय, साहेब! चला भायेर!"

फाटक्या मोज्यांनिशी साहेब अंगणात आले. मग हसू लागले. "पास," म्हणाले. "इतका कडक पहारा मी कुठेच पाहिला नाही."

संध्याकाळी घराघरात दिवे लागले.

नातू मात्र दोन दिवसांनी भर दुपारी झाला, लख्ख उन्हात. तरी काकींनी बाळंतिणीच्या खोलीतला दिवा लावायलाच लावला.

"येवढा साहेब अनवानी केला," त्या म्हणाल्या, "तो काय उगीच?"