सासूबाईंच्या तापावर तांब्याची पट्टी

सांगतो, पण आधी कबूल करा, मधे हसायचं नाही. मी हसलो नव्हतो. आमची ही तर आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. सोलापुरात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर मशीन घेऊन बसतो आणि भांड्यांवर नावं घालतो. लग्नाचा हंडा असो की बारशाची वाटी, तुम्ही नाव सांगायचं, मी कर्रर्र करून घालायचं. पण माळशिरसकडच्या आमच्या सासूबाई, गिरजाबाई, यांनी याला कधी धंदा मानलाच नाही. धाकटा साडू तलाठी, तो जावईबापू. मी कोण? "ओ भांडीवाले, जरा पानी द्या की." एकवीस वर्षं! माझी एकच इच्छा होती हो. मरायच्या आत एकदा तरी त्यांनी मला जावईबापू म्हणावं.

तर एक दिवस कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडम आल्या. हातात तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या आणि एक चित्र. चित्रात नुसत्या उभ्या-तिरक्या काड्या.

"मॅडम, हे काय, वखारीचा बोर्ड आहे का?"

"नाही हो, ही व्हायकिंग लोकांची अक्षरं. लांब उत्तरेत, बर्फात राहायचे. हजारेक वर्षांपूर्वी ताप आला की अशी पट्टी कोरून जवळ बाळगायचे. मला प्रदर्शनात ठेवायचीय."

"लिहिलंय काय पण?"

"तापाला दम दिलाय. तू सापडलास, आता पळ, नाहीतर तुझ्याच अंगात कळा उठतील."

मला लई आवडलं. आपण तापाला गोळी देतो, हे लोक सरळ भांडायचे!

जाताना मॅडम म्हणाल्या, "जपून हं. अक्षरं कळत नाहीत त्यानं कोरू नयेत, असं ते मानायचे. चुकलं तर आजारी माणूस आणखी आजारी."

"मॅडम, पंचवीस वर्षांत आपली एक वेलांटी चुकलेली नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात सासूबाई आमच्याकडे आल्या आणि तापानं पडल्या. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, गोळ्या घ्या, चार दिवसांत उतरेल. मी म्हटलं, हीच वेळ! मॅडमनी जास्तीची पट्टी मलाच ठेवायला सांगितली होती. त्या दिवशी माझ्याकडं एका वर्षश्राद्धाचे दोनशे डबे होते. सकाळपासून हात एकच मजकूर घालत होता. डबे संपवले आणि त्याच दमात पट्टी घेतली. पुढून काड्या उतरवल्या. मागून सासूबाईंचं नाव घातलं, कारण आमच्या धंद्यात बिननावाची वस्तू शेजारणीची होते. काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधली.

"ह्ये काय आनि?"

"लांबच्या देशाचा उतारा आहे. तापाला दम देतो."

"देऊ द्या. तुमी तर कदी कुनाला दिला न्हाई."

मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पट्टी दाखवायला लागल्या. स्वतःला वाचता येत नाही, पण दाखवायची हौस! आणि गंमत बघा, जो तो पट्टी उलटून बघायचा आणि हात जोडायचा. शेजारच्या काकूंनी तर पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, कलेची कदर आहे लोकांना.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

"चार."

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुम्ही हे आत्ताच करून ठेवलंत?"

"आपलं काम आधी तयार असतं, मास्तर."

मास्तरांनी साडूला फोन केला. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा ताप उतरला. बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होत्या, तेवढ्यात दारात जीप थांबली. साडू, त्याची बायको, पोरगी, भावकीतली चौदा माणसं. दारातूनच हंबरडा!

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "कोन गेलं रं?"

साडूच्या पोरीनं आजीच्या गळ्यातली पट्टी उलटी केली आणि मोठ्यानं वाचली, "कै. गिरजाबाई यांच्या स्मरणार्थ."

दोनशे डबे, हो! हाताला वळण पडलं होतं. जमीन दुभंगली असती तर मी मशीनसकट आत गेलो असतो. हिनं माझ्याकडं असं बघितलं की माझ्याच अंगात ताप भरला.

"कै. म्हंजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

पोरीनं कानात सांगितलं. सासूबाईंनी घास चावला, गिळला, वर पाणी प्यायल्या.

"तरीच! तापानं वाचलं आसल, बाई आदीच गेली, आता हितं काय काम? म्हनून पळाला मुडदा."

चौदाच्या चौदा माणसं हसली. ही नाही हसली.

जाताना तरी जावईबापू म्हणतील, असं वाटलं होतं. "येते वो, भांडीवाले," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात मलाच ताप आला. चांगला एकशेतीन. दुसऱ्या दिवशी साडू पुडी घेऊन हजर. "सासूबाईंनी दिलीय. माळशिरसला बाजारात मुद्दाम करून घेतली. तुम्हाला गुण येईल म्हणाल्या."

पुडीत तांब्याची पट्टी. अक्षर माझ्यापेक्षा वळणदार, खोटं कशाला बोलू?

"कै. जावईबापू यांच्या स्मरणार्थ."

एकवीस वर्षांनी मान मिळाला बघा. मरणोत्तर.