दहाला पाठ फिरवायची

हवालदार मामा कुठल्याही कामाचा विचार शेवटाकडून सुरू करायचे. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुहूर्त न बघता विचारायचे, "परतीची जीप किती वाजता हाय?" एकदा तर त्यांनी हे खुद्द वरबापालाच विचारलं. शिरड शहापूरला, माझ्या आजोळी, या सवयीवर लोक पोटभर हसायचे. मामांना त्याचं काही नव्हतं. फौजेत ते जवानांना बर्फावर स्की शिकवत, आणि एकदा वरून उशिरा परतताना डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली होती.

मी हिंगोलीच्या शाळेत भूगोल शिकवते. सुट्ट्यांत हिमाचलात जाऊन स्की शिकले आणि तिथल्या हिमनदीवरून एका शिखरावर स्कीनं चढायचं डोक्यात घेतलं. बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो अशा गावात हे सांगायचं कुणाला? मामा मला समजावतील म्हणून आईनं त्यांच्याकडे धाडलं. मामांनी कागद मागितला.

"आधी उतरायची वेळ लिव्ह," म्हणाले, आणि उलटं मोजत आले. मे महिन्यात रात्री गोठलेला बर्फ सकाळी दहाच्या सुमारास वरवर मऊ होतो, तेव्हा उतारावर स्की छान चालते. त्यानंतर ऊन आत मुरतं आणि हिमनदीतल्या भेगांवरचे बर्फाचे पूल ढिले पडतात. म्हणून जिथं असू तिथून दहाला पाठ फिरवायची. चढायला सात तास, म्हणजे निघायचं तीनला.

"आणखी आधी निघाले तर?"

"थंडी बोटं खाती, पोरी. माझा पाय बघितला न्हाईस का?"

मग सिद्धेश्वर धरणाजवळच्या टेकडीवर चार महिने त्यांनी माझा घाम काढला. पाठीवरच्या पिशवीत बारा किलो हळकुंडं, आणि मामा सावलीत घड्याळ घेऊन. प्रत्येक फेरीची वेळ वहीत जायची, शाबासकी मात्र कधीच नाही. "पयली फेरी कोनी बी मारतं. शेवटची दाव." माझी शेवटची नेमकी रेंगाळायची. मला त्यांचा मनापासून राग यायचा. निघायच्या दिवशी त्यांनी वही मिटली आणि एवढंच म्हणाले, "दहा म्हंजे दहा. शब्द दे." मी दिला.

मी आणि तिथला वाटाड्या बरोबर तीनला निघालो. मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्टे लावलेले. आठपर्यंत सगळं वेळेत चाललं होतं, मग माझे पाय जड झाले. दहा वाजले तेव्हा माथा समोर होता, तासाभराच्या चालीवर. आभाळ स्वच्छ, वारा नाही. वाटाड्या म्हणाला, "मर्जी आपकी, मॅडम." मी तिथंच रडले, मामांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, पट्टे काढले आणि वळले.

गावात शिरले ती तोंड लपवतच. मामा खाटेवर पडून होते, खोकल्यानं पार खंगलेले. सगळं ऐकून त्यांनी वही पुढं केली. माझ्या शेवटच्या फेऱ्यांच्या खाली, मी निघण्याआधीच, त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'माथ्यावर जायला अकरा वाजतील.'

"तुमाला आधीच ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मंग काहून जाऊ दिलं?"

"न्हाई म्हणलो असतो तरी तू गेलीच असतीस. अन् मंग तुला दहाला वळाया कोनी सांगितलं असतं?" जरा दम घेऊन त्यांनी माझं मनगट धरलं. "लई भ्या वाटलं, पोरी. तू माघारी वळल्याचा फोन येईस्तोवर घोटभर पानी बी गेलं न्हाई."

त्याच पावसाळ्यात मामा गेले. यंदा मे महिन्यात मी पुन्हा निघते आहे. टेकडीवरची शेवटची फेरी आता पहिलीच्या बरोबरीला आणली आहे आणि माथा मला गाठायचाच आहे. या खेपेचा वेळेचा कागद मी एकटीनं केला. तपासून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून तीनदा तपासला.