वत्सलाताईंची किळस

ड्यूटीवरून घरी आल्या की वत्सलाताई आधी कान धुवायच्या. हात नाही, पाय नाही, कान. मोरीत उभ्या राहून साबणाचा फेस करायच्या आणि दोन्ही कान लालबुंद होईपर्यंत चोळायच्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायची आणि मध्येच बाईचा आवाज यायचा, "बोला, बोला," तो जमाना. तिथला हेडफोन तिन्ही पाळ्यांतल्या बायका आळीपाळीने वापरायच्या. "कोणाचं खोबरेल, कोणाचा घाम," ताई म्हणायच्या, "आणि त्यात लोकांची बोलणी. आज एक जण सासऱ्याला बाबा-बाबा करत होता आणि फोन पुरता ठेवायच्या आत त्यालाच आईवरून शिवी. लाईन चालू होती ना! शी! दिवसभर लोकांची थुंकी कानात घेऊन बसते मी."

नाव वत्सला आणि चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. आळीतले लोक त्यांना मागून शीबाई म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि कानावर गेलेली गोष्ट त्या धुऊन टाकायच्या, एवढंच. नवऱ्याबद्दल कोणी विचारलं तर सांगायच्या, "नागपूरला असतो. त्याचा फोन आला तर मी शेजारच्या ऑपरेटरला लाईन देते." पुढे विचारायची कोणाची छाती नव्हती.

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं आणि मागे भाड्याच्या दोन खोल्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी आणि माझा नवरा दिगंबर परभणीकडून नुकतेच आलो होतो. खोली मागायला गेलो तेव्हा दिगंबर गावच्या रीतीने पाया पडायला वाकला. ताईंनी झटकन दोन्ही पाय खाटेवर उचलून घेतले. "पाय माझे आहेत, तुमचं त्यांच्याशी काही काम नाही. भाडं वेळेवर द्यायचं, मोरीत केस टाकायचे नाहीत. कबूल असेल तर सामान आणा." सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि गाठोडं. ते आमच्या हातातच होतं.

आम्हाला इकडे आणलं होतं किसनमामाने. तो कोणाचाच सख्खा मामा नव्हता, म्हणून सगळ्यांचा मामा होता. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जीन्स शिवायचे छोटे छोटे कारखाने होते, त्यांना तो आमच्या गावाकडची पोरं पुरवायचा. काम मामा देणार, पगार मामाच्या हातून येणार, आजारी पडलं तर डॉक्टरही मामाचाच. आम्ही खोली तेवढी आमची आम्ही शोधली आणि तेच त्याला खुपलं. वत्सलाताई बौद्ध. मामा एकदा आला, त्यांच्या कुंपणावर तंबाखूची पिचकारी मारली आणि मला म्हणाला, "आपल्या लोकांत खोली गावली न्हाई व्हय? यांच्यातलं पानी पेता?" कुंपणावरून तो लाल ओघळ खाली येत होता. ताईंचा माठ रोज आतून-बाहेरून घासलेला असायचा आणि या माणसाला त्यातल्या पाण्याची किळस येत होती!

किळस मी लहानपणापासून वरून खाली जातानाच पाहिली होती. वाड्यावरून वस्तीकडे, वस्तीवरून त्याही पलीकडे. ती खालून वर फेकणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली आणि ताईंचा नेम सहसा चुकत नसे. रांगेत घुसणारा, गरिबाला अरेतुरे करणारा, साहेबापुढे कमरेत वाकणारा, सगळ्यांना एकच शब्द, "शी!"

आणि गंमत अशी, की नव्याने आलेला प्रत्येक माणूस शेवटी याच बाईच्या दारात येऊन बसायचा. कोणाला रेशनकार्ड हवं असायचं, कोणाची बायको रक्त ओकत असायची, कोणाला घरमालकाने बाहेर काढलेलं असायचं. ताई चहाचा कप हातात घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. "सांगा. रडणं वजा करून सांगा." माणूस चाचरत सांगायचा. ऐकताना ताईंचं नाक वर वर जायचं. मग चप्पल घालायच्या. "चला. तुमचं हे तोंड रोज दारात बघण्यापेक्षा एकदा जाऊन येऊ."

त्या वेळी बँकेत खातं उघडायचं तर आधीच्या खातेदाराची ओळख लागायची. नव्याने आलेल्या माणसाला कोण ओळखणार? म्हणून सगळ्यांची कमाई मामासारख्यांच्या खिशात 'सांभाळायला' पडलेली असायची. ताई एकेकीला धरून बँकेत न्यायच्या आणि ओळखीची सही करायच्या. मला नेलं तेव्हा मॅनेजर हसत म्हणाला, "बाई, केवढे हो तुमचे नातेवाईक!" ताई म्हणाल्या, "नातेवाईक एकही नाही. असते तर आणले नसते." सही करून झाल्यावर बोटाला लागलेली शाई त्यांनी त्याच्याच टेबलाच्या कापडाला पुसली.

एके दिवशी दिगंबर भर दुपारी घरी आला. डाव्या हाताला जाडजूड पट्टी आणि उजव्या हातात बिस्किटांचा पुडा. मशीनखाली कापडाची थप्पी धरताना पातं बोटांवरून गेलं होतं. मामाने रिक्षात घालून आपल्या डॉक्टरकडे नेलं, टाके मारून घेतले, इंजेक्शन देववलं आणि येताना पुडा घेऊन दिला. "मामा होता म्हून निभावलं," दिगंबर सांगत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. दुखण्याने नाही, उपकाराने.

ताई ड्यूटीला निघाल्या होत्या. त्यांनी पर्स खाली ठेवली. "बोटं वाकव बघू."

पट्टीतून टोकं दिसत होती. मधली दोन बोटं वाकेनात. तो जोर करत होता, कपाळावर घाम आला, पण ती दोन बोटं दुसऱ्या कोणाची असावीत तशी ताठ उभी.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"मला काय न्हाई. मामाशीच बोलला."

"शी! बोटं याची आणि बोलणं मामाशी! मला औषधपाण्यातलं काही कळत नाही. पण वाकत नाहीत एवढं दिसतंय. ज्याला कळतं त्याच्याकडे चला, आत्ता."

आम्ही रिक्षात बसतोय तोच मामा हजर. खबर लागायला त्याला वेळ लागत नसे. सरकारी दवाखान्यात चाललोय म्हटल्यावर तो ड्रायव्हरशेजारी चढून बसला आणि वाटभर मागे वळून दिगंबरला पढवत राहिला. "हे बघ, आपलं मानूस हाईस म्हून सांगतो. डॉक्टरनं इचारलं तर घरी इळीवर कापलं म्हनायचं. कारखान्याचं नाव काढलं की पोलीस केस. फुकटचा लफडा. कारखाना बंद पडंल, गावची पोरं रस्त्यावर येतील. अन् तुला कोन सोडवाया येनार?" बोलता बोलता तो दिगंबरच्या गुडघ्यावर थोपटत होता.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदाच बोलल्या, तेही दिगंबरशी. "तोंड तुझं आहे, तुला हवं ते सांग. पण समजून सांग. मशीनवर कापलं म्हणालास तर मालकाला भरपाई द्यावी लागेल. घरी कापलं म्हणालास तर कोणाचं कोणाशी देणंघेणं नाही. मग तो हात घेऊन जन्मभर घरीच बस."

दवाखान्यात नाक दाबूनच जावं लागलं. भिंतींना कंबरेएवढ्या उंचीपर्यंत पानाचा रंग, कोणाच्या तरी ओकारीवर टाकलेलं वर्तमानपत्र, त्यावर पाय देऊन जाणारी माणसं. ताई निऱ्या उचलून, ओठ घट्ट मिटून चालत होत्या. तरुण डॉक्टर होता, दमलेला. त्याने पट्टी सोडली आणि त्याचं कपाळ आक्रसलं. आतल्या शिरा तुटल्या होत्या आणि वरून नुसती कातडी शिवून टाकली होती.

"हे कशाने झालं?"

दिगंबरने मामाकडे पाहिलं. मामाने मान डोलावली, लहान पोराला देवापुढे श्लोक म्हणायला सांगावं तशी.

"घरी. इळीवर."

"काय कापत होतात?"

"कांदा."

ज्या माणसाने जन्मात पाण्याचा तांब्या हाताने भरून घेतला नव्हता, तो म्हणे विळीवर बसून कांदा चिरत होता! मला तेव्हा जी शिसारी आली ती अजून आठवते. मामाची आली, त्या डोलणाऱ्या मानेची आली आणि माझ्या नवऱ्याचीही आली. बोटं गेली तरी याचं 'आपलं माणूस' जात नव्हतं. मी ताईंकडे पाहिलं. वाटलं, आता या बोलतील. त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. गडीमाणसांसमोर मी त्या दिवसापर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

"आमच्या घरात इळीच न्हाई," मी म्हणाले.

डॉक्टरने मान वर केली.

"ताईंची मागून आणते. सैपाक झाला की धुऊन परत देते. त्यांना कांद्याचा वास चालत न्हाई, म्हून कांदा तर मी कधी चिरतच न्हाई तिच्यावर. बुक्कीनं फोडतो आम्ही."

"येडी हाय ती डॉक्टरसाहेब, घाबरलीया," मामा पुढे सरसावला.

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाला आणि दिगंबरकडे वळला. "आता नीट सांगा. कुठे लागलं?"

दिगंबर खाली बघत पुटपुटला. डॉक्टरने पुन्हा विचारलं. तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "कारखान्यात. कापड कापायच्या मशीनवर." आणि रडायला लागला.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, ताई निदान पाठीवर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "एवढंसं खरं बोलायला केवढा हा घाम! जा, नळावर तोंड धुऊन ये, दोघंही."

पुढे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिरा जोडल्या. एक बोट वाकायला लागलं, एक नाही ते नाहीच. काम अर्थातच गेलं. मामाने गावभर सांगितलं की आम्ही खाल्ल्या घरचे वासे मोजले. दिराच्या लग्नाचं आवतणसुद्धा आम्हाला आलं नाही. सासूबाईंनी निरोप धाडला, त्या बाईच्या घरी राहून तुमची बुद्धी फिरली. दिगंबर कित्येक दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. ठाण्याच्या कोर्टात केस उभी राहिली, गरिबाला वकील फुकट मिळतो हे ताईंनीच विचारत विचारत शोधून काढलं. तारखांवर तारखा पडल्या. सुटी असली की ताई आमच्याबरोबर येऊन कोर्टाच्या बाकावर बसायच्या, आधी बाक पुसून. भरपाई मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. त्यांनी एक उचलला, नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "डालडा आहे." पण खाल्ला.

आम्ही बदलापूरला खरवईत स्वतःच्या खोलीत राहायला गेलो. दिगंबरला एका गोदामात राखणदारीचं काम मिळालं. महिन्या-दोन महिन्यांनी मी ताईंना भेटायला जायचे. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, पण त्यांची आठवण निघाली की मला त्यातली एक दुपार आठवते.

मी फाटकातून आत शिरले तर पायरीवर किसनमामा बसलेला. आधी ओळखलाच नाही. गालफडं बसलेली, शर्टाच्या आत नुसती हाडं. खोकायचा आणि हातातल्या डब्यात थुंकायचा. मालकाने हाकललेला, पोरांनी टाळलेला, गावाने ठेवून न घेतलेला. आणि ताई कप हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. "रडणं वजा करून सांगा," त्या त्याला म्हणत होत्या. कधीपासून खोकला आहे, रक्त पडतं का, औषध कोणाचं चालू आहे, सगळं विचारून झालं. मग कप आत ठेवून त्यांनी चप्पल घातली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना बाजूला ओढलं. "ताई, याला? याच कुंपणावर थुंकला होता हा. तुमच्या पाण्याला नावं ठेवली यानं. याची किळस येत नाही तुम्हाला?"

"येते की. तुझ्यापेक्षा जास्त येते. त्या डब्याकडे बघूनच मला मळमळतंय."

"मग हाकला त्याला!"

ताई चपलेचा पट्टा लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किळस आली की माणसाला लांब ठेवायचं, हे तुमच्या गावांनी केलं, गंगा. माझ्या आज्याला केलं, माझ्या बापाला केलं. आता मीही तेच करू?" मग उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात खेकसल्या, "बघत काय बसलीस? त्याला त्या बाजूने धर. एकटीला उचलणार नाही मला."

मामाने मला ओळखलं की नाही कोणास ठाऊक. त्याच्या अंगाला आंबूस वास येत होता आणि डबा त्याने सोडला नव्हता. मला त्याची किळस येतच होती. मी त्याला त्या बाजूने धरलं.