अर्धा ग्लास बिअर

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याला सगळे लंबू म्हणत. अबोल माणूस, पण कामात चोख. गेलं वर्षभर बिअर घेतली की त्याच्या मानेवर लाल चट्टे उठायचे, नाक गळायचं. दोस्त म्हणायचे, "एका ग्लासात नवरीसारखा लाजला बघा!" तोही हसण्यावारी न्यायचा. घरी मात्र चकार शब्द काढायचा नाही. बायकोचे वडील दारूपायी गेलेले. बाटलीचं नाव काढायची सोय नव्हती.

कंपनीतले जुने मिस्त्री निवृत्त झाले, तेव्हा दुपारी गोदामातच निरोपाची पार्टी झाली. लंबूने जेमतेम अर्धा ग्लास घेतला असेल, तोच तळहात खाजू लागले, ओठ जड झाले. तो भिंतीला टेकला.

"गडी गेला कामातून!" कुणीतरी ओरडलं. हसतहसत दोघांनी त्याला स्कूटरवर मध्ये बसवून घरी पोचवलं.

दार उघडताच बायकोला वास आला. "पडा आता तिथंच," म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. त्याला सांगायचं होतं, पण जीभ हलेना.

थोड्या वेळाने बाहेरून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दारू प्यायलेल्या माणसाचं घोरणं तिला लहानपणापासून पाठ होतं. हे तसलं नव्हतं. ती बाहेर आली. त्याचे डोळे सुजून मिटले होते, ओठ निळे पडले होते. शेजारच्या टॅक्सीवाल्याला हाका मारत ती अनवाणीच धावली.

दवाखान्यात त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं. श्वास सुरळीत झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना चढलेली नव्हती. ही ॲलर्जी आहे, बहुतेक बिअरमधल्या बार्लीची. आधी कधी काही त्रास?"

त्याने चट्ट्यांचं सांगितलं.

"मला का नाही बोललात?" बायकोने विचारलं.

"तू ऐकून घेतलं असतंस?"

तिने त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

पुढे तपासणीत बार्लीच निघाली. बिअर कायमची बंद झाली आणि अशा वेळी लगेच घ्यायचं इंजेक्शन खिशात आलं. ते कसं टोचायचं हे त्याने कामावर सगळ्यांना दाखवलं. स्कूटरवाला खाली मान घालून म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुला चढली."

"मला बोलता येत नव्हतं रे," लंबू म्हणाला.

घरी बायको आता त्याला काही बोलत नाही. उशीर झाला तरी नाही, चिडली तरी नाही. तिने एकदा पूर्वीसारखं भांडावं, असं त्याला फार वाटतं. पण ती नुसती त्याच्याकडे बघते आणि विचारते, "बरं वाटतंय ना?"